स्थिर कर्नलची मुदत

राजगुरुनगर हे खेड तालुक्याचं ठाणं, आणि चाकण याच तालुक्यातलं. बजाज ऑटो इथे गेल्या शतकाच्या अखेरीस आली. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, पाठोपाठ महिंद्राचाही. सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेडमध्ये तेव्हापासून एक शिस्त पक्की रुजली आहे. भागाचे नमुने, मोजमापं आणि प्रक्रियेची कागदपत्रं ग्राहक कंपनीकडून मंजूर करून घ्यायची, याला सगळे ‘पीपॅप’ म्हणतात. ते एकदा झालं, की कच्चा माल, साचा किंवा मशीनची जागा बदलायची तरी आधी कळवावं लागतं आणि बहुतेकदा मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. या धंद्यात स्थिर म्हणजे हात न लावलेलं. आता मोटारीत पडदा आला, नकाशे आले, आणि अशा कित्येक यंत्रणांच्या तळाशी लिनक्स कर्नल असतं, कधी थेट तर कधी अँड्रॉइडच्या पोटात. हार्डवेअर आणि वरचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून मेमरी, फाइली आणि उपकरणं यांचा कारभार पाहणारा हा भाग. त्याच्या स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेत मात्र जवळजवळ दर आठवड्याला नवी दुरुस्ती येते. चाकणच्या हिशोबाने ही उघड बेशिस्त आहे. पण कर्नलचा इतिहास पाहिला तर तिथे स्थैर्य हा कोडचा गुण राहिलेलाच नाही. काय बदलायचं, काय नाही आणि किती दिवस, याबद्दल कुणीतरी दिलेला तो शब्द आहे.

सुरुवातीला तसं नव्हतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मार्च 1994 मध्ये 1.0 आवृत्ती काढली आणि त्यानंतर आकड्यांची एक सोपी रीत पडली. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती वापरायची, विषम असेल तर ती प्रयोगाची. 2.0, 2.2, 2.4 स्थिर, 2.1, 2.3, 2.5 कच्च्या. या रीतीमागचं गृहीतक कारखान्यातल्यासारखंच होतं. नवं काम आत वेगळ्या शेडमध्ये करायचं, ते पिकलं की बाहेर आणायचं आणि मग त्याला फारसं छेडायचं नाही. गृहीतक मोडलं ते 2.4 मध्ये. जानेवारी 2001 मध्ये आलेली ही मालिका कागदोपत्री स्थिर होती, पण मेमरी सांभाळण्याची तिची पद्धत जड कामाखाली गडबडत होती. सप्टेंबरमध्ये 2.4.10 काढताना टोरवाल्ड्स यांनी मेमरीचा तो भाग काढून आंद्रेआ आर्कांजेली यांचा नवा भाग बसवला. स्थिर मालिकेच्या ऐन मध्यावर हृदय बदलण्याचाच हा प्रकार. पुढची 2.4.11 इतकी सदोष निघाली की तिच्या फाइलच्या नावातच ‘वापरू नका’ असं लिहावं लागलं. नोव्हेंबरमधल्या 2.4.15 मध्ये फाइल प्रणाली बिघडवणारा दोष निघाला आणि काही दिवसांतच 2.4.16 काढावी लागली. यानंतर मालिका सांभाळायचं काम ब्राझीलच्या मार्सेलो तोसात्ती या अगदी कोवळ्या वयाच्या तरुणाकडे गेलं. मालिका सावरत गेली तेव्हा तिचा आकडा सम होता, आणि बिघडली तेव्हाही समच होता. फरक पडला तो तिची राखण कोण आणि कशी करतं यामुळे.

सम-विषमाच्या रीतीने दुसरंही नुकसान केलं. 2.5 चं काम नोव्हेंबर 2001 ला सुरू झालं आणि 2.6 निघाली डिसेंबर 2003 ला. मधली दोन वर्षं ग्राहक थांबणार नव्हते, म्हणून लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटसारख्या कंपन्यांनी प्रयोगाच्या कर्नलमधल्या सोयी उचलून आपापल्या 2.4 मध्ये शिवल्या. म्हणजे ज्याला जग 2.4 म्हणत होतं ते प्रत्येक कंपनीकडे निराळंच होतं. 2004 च्या उन्हाळ्यात ओटावा इथे कर्नलकार जमले आणि वेगळी प्रयोगशाखा काढायचीच नाही असं ठरलं. आता नवं काम मुख्य धारेतच दोन आठवडे घेतात, पुढचे सात-आठ आठवडे चाचणी करतात आणि आवृत्ती काढतात. मार्च 2005 मध्ये 2.6.11 निघाली आणि दोनच दिवसांनी कर्नलकार ग्रेग क्रोह-हार्टमन आणि क्रिस राइट यांनी 2.6.11.1 काढून वेगळी स्थिर शाखा सुरू केली. तिचे नियम लेखी आहेत आणि वाचण्यासारखे आहेत. दुरुस्ती आधी मुख्य धारेत आलेली असावी, शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी, तपासलेली असावी, आणि लोकांना खरोखर त्रास देणारा दोष तिने मिटवावा. केवळ कल्पनेतला दोष चालणार नाही. आवृत्ती निर्दोष आहे असं हे नियम कुठेच म्हणत नाहीत. दोष निघतील हे ते धरूनच चालतात.

चाकणचा दर्जा तपासणारा इथे अडवेल, आणि त्याचं अडवणं रास्त आहे. प्रत्येक दुरुस्ती हाही एक बदल आहे, मग ती नवा दोष आणणार नाही कशावरून? आणते. 6.1 ही मालिका वर्षभर जुनी झालेली असताना, 2023 च्या अखेरीस, 6.1.64 मध्ये मुख्य धारेतली एक दुरुस्ती आली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर टेकलेली होती तो आला नाही. परिणाम असा की एक्स्ट-फोर फाइल प्रणालीतली माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियन या लिनक्स वितरणाने आपली 12.3 ही आवृत्ती थांबवली आणि 10 डिसेंबरला थेट 12.4 काढली. तरीही गोठवून ठेवण्याचा युक्तिवाद यातून सिद्ध होत नाही. धातूचा भाग मंजूर झाल्यावर जग त्याच्याविरुद्ध काही शोधत बसत नाही; कर्नलमध्ये मात्र शोधत बसतं. नेटशी जोडलेल्या मोटारीतलं गोठवलेलं कर्नल दर महिन्याला जास्त असुरक्षित होतं, एक ओळही न बदलता. डेबियनच्या प्रसंगातही धोका ओळखला गेला आणि दुरुस्त झाला तो मालिका कुणीतरी सांभाळत होतं म्हणूनच. पीपॅपची सवय असलेल्यांना उपयोगी पडेल असा एक नियमही कर्नलकडे आहे. वरच्या प्रोग्रॅमना दिसणारं वर्तन मोडायचं नाही, यावर टोरवाल्ड्स अक्षरशः भांडतात. आतली रचना मात्र हवी तशी बदलते, आणि मुख्य धारेबाहेर स्वतःचे ड्रायव्हर जपणाऱ्या कंपन्यांची डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

खरी अडचण मुदतीची आहे. 2.6.16 पासून काही मालिका जास्त काळ सांभाळल्या जाऊ लागल्या. 2017 मध्ये, मुख्यतः अँड्रॉइड फोनांसाठी, सहा वर्षांची मुदत आली. 2023 मध्ये नव्या मालिकांसाठी ती पुन्हा दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं, कारण जुन्या मालिका वापरणारे थोडे आणि सांभाळणारे थकलेले. भारतात खासगी मोटारीची पहिली नोंदणीच 15 वर्षांची असते. वीजकेंद्रं आणि रेल्वेची यंत्रणा बनवणाऱ्या सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी ही दरी ओळखून 2016 मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प उभारला आणि 4.4 मालिका किमान दहा वर्षं जपायचं पत्करलं. मोटारींच्या बाबतीत उरलेल्या वर्षांचा भार चिप बनवणारा, पडदा पुरवणारा आणि गाडीवर आपलं नाव लावणारा यांच्यात वाटला जातो. गाडीतलं सॉफ्टवेअर विकल्यानंतर कसं अद्ययावत ठेवणार, हे निर्मात्याने दाखवून द्यावं, यासाठी एआयएस-190 हे भारतीय मानक आहे. त्यामुळे पीपॅपच्या फायलीत आजवर नसलेला एक रकाना पुरवठादाराला भरावा लागणार आहे: हे कर्नल कोणत्या तारखेपर्यंत कोण दुरुस्त करणार.