आरंभक चलित्र, मोटारगाडीचे : इतिहास व बदलीचा खर्च

अंतर्ज्वलन-एंजिन सुरू करण्यासाठी त्याचा भुजादंड बाहेरून फिरविणारे लहान पण जोरकस विद्युत् चलित्र. महाराष्ट्रातील चालक व कारागीर यांच्या बोलण्यात याचे नाव ‘सेल्फ’ असे आहे. वाफेच्या एंजिनाला बाष्पित्रातील तयार दाब मिळतो; अंतर्ज्वलन-एंजिनात मात्र हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढून दाबले गेल्याशिवाय पहिला स्फोटच होत नाही. त्यामुळे पहिले फेरे बाहेरून द्यावे लागतात. १९१२ पर्यंत हे काम बहुधा माणसाचा हात करीत असे.

हाताने हँडल मारणे कष्टाचे तर होतेच, पण धोक्याचेही होते. ठिणगी वेळेआधी पडली की एंजिन उलट फिरे आणि हँडलाचा तडाखा मनगटावर बसे. मनगटाच्या अंगठ्याकडील हाडाच्या एका अस्थिभंगाला वैद्यकात मोटारचालकांचे नाव मिळाले ते यामुळेच. बायरन कार्टर हा अमेरिकन मोटार-उत्पादक डिट्रॉइटजवळच्या बेल आइल पुलावर एका स्त्रीची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना जखमी होऊन वारला व त्यामुळे व्यथित झालेल्या कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलंड यांनी विद्युत् आरंभकाचा ध्यास घेतला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ही घटना १९१० च्या हिवाळ्यातील म्हणून सांगतात. कार्टर मात्र १९०८ मध्येच निवर्तला होता. कथेचा तपशील म्हणूनच विश्वसनीय मानता येत नाही. हँडलामुळे होणाऱ्या इजा मात्र खऱ्या होत्या.

विजेने एंजिन फिरविण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास डाउसिंग यांनी आर्नल्ड गाडीला विद्युत् चलित्र जोडले होते आणि अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये एकस्व मिळाले. अडचण आकारमानाची होती. सतत चालू शकेल असे पुरेशा शक्तीचे चलित्र फार अवजड होई. चार्ल्स केटरिंग यांनी पूर्वी डेटन येथे रोकड-नोंद यंत्राला वीज जोडण्याचे काम केले होते. तेथील खटका क्षणभरच चालावयाचा असल्याने लहान चलित्रावर थोडा वेळ मोठा भार टाकला तरी चालतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तोच न्याय त्यांनी मोटारगाडीस लावला. त्यांच्या ‘डेल्को’ या संस्थेची योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर बसविण्यात आली. तीत एकच यंत्र २४ व्होल्टवर आरंभक म्हणून व पुढे ६ व्होल्टवर जनित्र म्हणून काम करी. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्युअर चषक दुसऱ्यांदा मिळाला. पहिल्यांदा तो १९०८ मध्ये मिळाला होता. त्या वेळी तीन गाड्यांचे सर्व भाग सुटे करून, एकमेकांत मिसळून, पुन्हा तीन चालत्या गाड्या जुळविण्यात आल्या होत्या. बिघडलेला भाग काढून त्याच जातीचा दुसरा बसविण्याची आजची सोय या अदलाबदलक्षमतेतून आली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिला चषक दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

फोर्ड कंपनीच्या टी नमुन्याच्या बंदिस्त गाड्यांवर १९१९ मध्ये आरंभक आला. उघड्या गाडीच्या गिऱ्हाइकाला त्यासाठी ७५ डॉलर जादा मोजावे लागत आणि गाडीची किंमत ५०० डॉलरांच्या आसपास होती. पुष्कळांनी काही वर्षे हँडलावरच भागविले यात नवल नाही.

आधुनिक आरंभकातील लहान दंतचक्र प्रचक्राच्या कडेवरील दंतवलयात क्षणापुरते अडकते व एंजिन चालू होताच सुटते. जुन्या गाड्यांत ही क्रिया व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या मळसूत्री रचनेने होई. पुढे परिनालिकेने दंतचक्र ढकलण्याची पद्धत रूढ झाली. झिजतात ते मुख्यतः कार्बनाचे ब्रश, टोकांचे बुश व परिनालिकेतील तांब्याचे स्पर्शक. यांतील प्रत्येकाची किंमत संपूर्ण यंत्राच्या मानाने किरकोळ असते. तरीही संपूर्ण यंत्रच बदलण्याकडे कल वाढला, याचे कारण मजुरीत आहे. जेथे कारागिराचा तास महाग, तेथे यंत्र उघडून ब्रश बदलण्यापेक्षा कारखान्यात पुनर्निर्मित केलेले यंत्र बसविणे स्वस्त पडते. अमेरिकेत अशा यंत्राच्या किमतीबरोबर काही अनामत घेतात आणि जुने यंत्र परत केल्यावर ती मिळते. तेच जुने यंत्र पुनर्निर्मितीचा कच्चा माल होय.

भारतात गणित वेगळे राहिले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएस कंपनीने आरंभक देशातच बनविले. २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्यास बनणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या आरंभकांचे ब्रश, बुश व बेंडिक्स सुटे मिळत. गुंडाळी जळाली तर ती नव्याने भरून देणारे कारागीरही गावोगाव असत. पुण्याची नाना पेठ अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे.

खर्च ठरविणारी दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राची जागा. पद्मिनीसारख्या साध्या रचनेच्या गाडीत ते काढण्यास थोडा वेळ पुरतो. उलट १९९० नंतरच्या कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार एंजिनात ते अंतर्ग्रहण नळखंडाखाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसविले होते. १९८९ च्या लेक्सस गाडीतही तसेच. अशा ठिकाणी मजुरी सहज भागाच्या किमतीपुढे जाते. ज्या कंपनीने आरंभक घराघरांत नेला तिनेच तो इतका अडचणीत ठेवावा, हा विरोधाभास नमूद करण्याजोगा आहे.

जुन्या गाडीत यंत्र बदलण्यापूर्वी घटमाला, तिचे अग्र व जाड तारांच्या जोडण्या तपासणे श्रेयस्कर असते. आरंभकातून दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह वाहत असल्याने गंजलेल्या अग्राचा अल्प रोधही त्याला निकामी भासवितो, व नवे यंत्र बसविल्यावरही तक्रार तशीच राहते. दंतवलयाची झीज हा त्याहून महाग प्रकार. चार सिलिंडरांचे एंजिन बंद होताना बहुधा दोन समोरासमोरच्या ठिकाणीच थांबते, म्हणून तेथील दातच झिजतात. वलय बदलण्यासाठी दंतपेटी उतरवावी लागते. तोवर पुष्कळ मालक गाडी गिअरमध्ये टाकून थोडी हलवितात व पुन्हा खटका दाबतात.