डंपलिंगच्या आत सूप भरतात कसं आणि ते खायचं कसं?

सोलापुरात आता संध्याकाळच्या गाड्यांवर मोमो मिळतात. पण मोठ्या शहरातल्या चायनीज डंपलिंगच्या हॉटेलात पहिल्यांदा गेलं की मेन्यूकार्ड बघून गोंधळ उडतो. जियाओझी, डिमसम, शाओलोंगबाओ... हे सगळे मोमोच का?

तसं डंपलिंग आपल्याला नवं नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून कणकेच्या पारीत पुरण भरून दिंड वाफवतात. पारी, सारण आणि वाफ, डंपलिंगचंही गणित हेच.

कोणतं कुठलं?

मोमो तिबेट आणि नेपाळकडचे. जियाओझी उत्तर चीनचे. आकार करंजीसारखा, बहुतेक वेळा उकळत्या पाण्यात शिजवलेले. चिनी नववर्षाला ते घरोघरी होतात. थंडीने कान फुटलेल्या गरिबांसाठी झांग झोंगजिंग या वैद्याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी ते बनवले, अशी दंतकथा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांनी शेवटची वर्षं जिथे रुग्णसेवा केली, तो भाग याच गव्हाच्या पट्ट्यातला.

डिमसम हा एक पदार्थ नाही. चहासोबत खायच्या छोट्या छोट्या पदार्थांचा तो दक्षिण चीनमधला प्रकार आहे.

सूप आत कसं जातं?

शाओलोंगबाओ शांघायकडचा. यात सूप ओतत नाहीत. डुकराची कातडी उकळून काढलेला रस थंड झाला की जेलीसारखा घट्ट होतो. ती जेली बारीक करून खिम्यात मिसळतात. वाफ लागली की जेली वितळते आणि पारीच्या आत सूप तयार होतं. तैवानच्या प्रसिद्ध 'दिन ताय फंग' हॉटेलात अशा प्रत्येक डंपलिंगला मोदकासारख्या १८ चुण्या पाडतात.

खायचं कसं?

अख्खं तोंडात टाकलं तर टाळू भाजलीच म्हणून समजा. शेंडीकडून हलकेच उचलून चमच्यात ठेवा. बाजूला छोटं भोक पाडून वाफ जाऊ द्या. आधी सूप प्या, मग व्हिनेगर आणि आल्याच्या बारीक कापांसोबत उरलेलं खा. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागायला लाजू नका.

ऑर्डर देण्याआधी काय विचाराल?

पारंपरिक शाओलोंगबाओत डुकराचं मांस असतं आणि सूपही त्याचंच. त्यामुळे 'आत चिकन आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही, जेली कशाची हेही विचारा. शाकाहारी प्रकारात ती समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगर-अगरची असू शकते. व्हेज आणि नॉनव्हेज एकाच भांड्यात वाफवतात का, हेही विचारून घ्या. कोळंबीची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. डिमसमच्या अनेक प्रकारांत ती असते आणि बंद पारीच्या आत काय आहे, ते बाहेरून कळत नाही.