विद्यापीठाची सत्ता आणि संशोधनाची थैली

पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या रानाला लागून किनवट हे गाव वसले आहे. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला असलेल्या या तालुक्याच्या एका अंगास विदर्भ आहे आणि दुसऱ्या अंगास तेलंगण. आसपासच्या वाड्यापाड्यांतून गोंड, कोलाम, आंध, परधान अशा जमातींची वस्ती आहे. किनवट आपल्या जागेवरून तिळभर हलले नाही. तथापि पाऊणशे वर्षांच्या अवधीत त्याने तीन विद्यापीठे पाहिली. निजामी अमदानीत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि त्याचे विद्यापीठ म्हणजे १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेले उस्मानिया. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट नांदेड जिल्ह्यास जोडले गेले, आणि दोन वर्षांनी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. पुढे १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. राजा गेला, राज्य बदलले, कायदे बदलले. एक प्रश्न मात्र तिन्ही वेळा जागच्या जागीच राहिला. विद्यापीठात कशाचा शोध घ्यावयाचा, हे ठरवावयाचे कोणी? जो पैसा देतो त्याने, जो हुकूम काढतो त्याने, की जो शिकवितो आणि शोधतो त्याने?

या प्रश्नाचा पहिला धडा किनवटच्याच रानात सापडतो. १९४० साली आदिलाबादच्या डोंगरांत कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी उठाव केला आणि त्यात ते मारले गेले. उठाव बंदुकीने दडपता आला, पण त्याचे कारण बंदुकीला कळेना. तेव्हा निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास गोंडांचा अभ्यास करण्यास सांगितले. ते गोंडांच्या गावांत राहिले. जमीन हातची कशी गेली, सावकार आणि अंमलदार यांच्या कात्रीत माणूस कसा सापडला, हे त्यांनी आपल्या अहवालांतून मांडले. १९४३ साली मारलावाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी भाषेची पहिली पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. पुढे जमिनीचे पट्टे वाटण्याचे कामही हाती घेण्यात आले. हायमेनडॉर्फ हे निजाम सरकारचे सल्लागार झाले, उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापकही झाले, आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कामात एका मराठी माणसाचाही मोठा वाटा होता. सेतुमाधवराव पगडी हे मूळचे निलंग्याचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातले. इतिहाससंशोधक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु निजामाच्या मुलकी नोकरीत असताना आदिलाबादच्या गोंडांत राहून ते त्यांची भाषा शिकले आणि तिचे व्याकरण त्यांनी लिहिले, ही गोष्ट तितकीशी सर्वांच्या ध्यानात नसते. सरकारी अंमलदाराने रयतेची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहावे, असे प्रसंग इतिहासात विरळाच.

म्हणजे सरकारच्या थैलीतून चाललेले संशोधन सरकारच्याच अंमलदारांचे दोष उघड करू शकते, हे येथे सिद्ध झाले. परंतु या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे सारे घडले ते दरबाराच्या मर्जीने. उठावाची धास्ती नसती तर तो अभ्यास कोणी करविला असता, असे म्हणवत नाही. मर्जी होती तोवर द्रव्य होते. आणि त्याच उस्मानिया विद्यापीठात १९३८ साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले होते. त्यांच्यापैकी अनेकांस आसरा दिला तो नागपूर विद्यापीठाने. एकाच दरबाराच्या एका हाताने गोंडी पुस्तके दिली आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थ्यांची नावे कमी केली. मर्जीवर उभारलेल्या विद्येचा हाच दोष असतो की, ती चांगली निघाली तर धन्याचे उपकार, आणि वाईट निघाली तर दाद मागावयास जागा नाही.

ब्रिटिश मुलखात दाद मागण्याची जागा होती, पण तीही अरुंद. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून. त्याचे सभासद सरकार नेमी, आणि त्यांत न्यायाधीश व वरिष्ठ अधिकारी यांचा भरणा असे. पुढे लॉर्ड कर्झन यांनी १९०४ साली विद्यापीठांचा नवा कायदा केला. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन व संशोधन करावे, हा त्यातील हेतू चांगला होता. परंतु अधिसभेतील बहुसंख्य जागा सरकारी नेमणुकीच्या राहिल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकास कसून विरोध केला. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल, अशी त्यांची भीती होती.

गोखल्यांचे हे बोलणे पुस्तकी नव्हते. ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वाढले होते. १८८४ साली निघालेल्या या संस्थेत शिक्षकच आजीव सभासद होते, आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. त्याची किंमत ते महिना पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर राहून मोजीत. या स्वराज्यात भांडणे नव्हती असे नाही. बाहेरच्या मिळकतीच्या आणि तत्त्वाच्या प्रश्नावरून तेथे तीव्र मतभेद झाले, आणि १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो वाद शिक्षकांचा शिक्षकांशी होता, तो मिटविण्यास सचिवालयातून कोणी आले नाही, आणि संस्था टिकली.

सत्ता आणि पैसा यांची खरी झटापट झाली ती कलकत्त्यास. तेथे सर आशुतोष मुखर्जी यांनी परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचे संशोधन करणारे विद्यापीठ बनविले. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आपले द्रव्य विज्ञानाच्या अध्यासनांसाठी दिले. पालितांच्या अध्यासनावर चंद्रशेखर वेंकट रामन यांची नेमणूक झाली. पण विद्यापीठाचा पसारा वाढला आणि तिजोरी रिती झाली. १९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले. त्याबरोबर अटी आल्या, आणि त्या स्वीकारल्या असत्या तर विद्यापीठाच्या हिशेबावर व कारभारावर सरकारचा हात बसला असता. सर आशुतोष यांनी अधिसभेत ती मदत अटींसह नाकारावी असे सांगितले. स्वातंत्र्य आधी, पैसा मागून, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पुढल्या वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना कुलगुरुपद पुन्हा देऊ केले, तेही अटी घालून. ते त्यांनी साफ नाकारले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. सर आशुतोष यांचा अटींनाच मुळी विरोध होता असे नाही. पालितांच्या देणगीलाही अट होतीच. अध्यासनावर हिंदी मनुष्यच असावा, अशी ती होती. विद्यापीठाने ती आनंदाने पत्करली, कारण ती एकदाच, उघडपणे, देणगीच्या वेळी घातली होती, आणि त्यानंतर कोणते प्रयोग करावे हे रामन यांना विचारावयास कोणी येणार नव्हते. अट असणे वेगळे आणि लगाम असणे वेगळे.

स्वातंत्र्यानंतर हे सारे प्रश्न मराठवाड्याच्या वाट्याला आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू श्री. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले गृहस्थ होते. ज्या मुलखातील मुलाला वरच्या शिक्षणासाठी परभाषेच्या दारात उभे राहावे लागे, त्या मुलखाला आपले विद्यापीठ मिळाले. पुढे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, हा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. तो नामविस्ताराच्या रूपाने अमलात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत जाळपोळ झाली, माणसे मेली. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न मराठवाड्यात केवळ सभागृहात विचारला गेला नाही. तो रक्ताने विचारला गेला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडचे विद्यापीठ निघाले आणि डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले.

याच १९९४ साली महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी सामाईक कायदा झाला. त्यात विद्याशाखेचे अधिष्ठाते शिक्षक-सभासदांच्या मतांनी निवडले जात. त्यानंतर २०१६ साली महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. विद्याशाखा चारच राहिल्या, आणि अधिष्ठाता हा पूर्णवेळ, नेमणुकीचा अधिकारी झाला. अधिसभेत प्राध्यापक, प्राचार्य, पदवीधर यांचे निवडून आलेले प्रतिनिधी आहेत. पण नामनिर्देशनाची व्याप्तीही वाढली. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने आणखी एक दुरुस्ती मंजूर केली. तीत शिक्षणमंत्र्यांस प्र-कुलपती करण्याची आणि कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारास अधिक वाटा देण्याची तरतूद होती. तीवर मोठा गदारोळ झाला, आणि सरकार बदलल्यावर २०२२ साली ती मागे घेण्याचे ठरले.

नेमणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे निव्वळ खोटे नाही. विद्यापीठांच्या निवडणुकांत गटबाजी माजली, मतांसाठी अभ्यास मंडळे वाटली गेली, पाठ्यपुस्तके लावण्याचे सौदे झाले, हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु मतपेटीतील दोषावर नेमणूक हे औषध कितपत लागू पडते? निवडून आलेला मनुष्य निदान आपल्या सहकाऱ्यांस तोंड देतो. नेमलेला मनुष्य वर पाहतो. गटबाजी दोन्हीकडे असते. फरक इतकाच की एकीकडे ती दिसते.

आता थैलीकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ साली कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या आधाराने महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही लहानमोठ्या संशोधन-प्रकल्पांसाठी अनुदान मिळे. रक्कम मोठी नसे. पण तालुक्याच्या गावातील प्राध्यापकाला स्वतःच्या विषयावर स्वतः अर्ज करता येई. २०१७ साली योजनांचा काल संपला आणि ही वाटही आटत गेली. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा आराखडा मांडण्यात आला. त्यांपैकी सुमारे चौदा हजार कोटी केंद्र सरकारचे आणि उरलेले बहुतांश उद्योग व दानशूर संस्था यांजकडून यावयाचे, अशी अपेक्षा आहे. प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान आहेत. दरम्यान २०२०-२१ या वर्षी देशाने आपल्या एकूण उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ इतकाच भाग संशोधनावर खर्च केला होता.

मोठी योजना असणे हे चांगलेच. परंतु उद्योगधंद्यांचा पैसा जेथे त्यांना फळ दिसते तेथे जातो; तो त्यांचा धर्मच आहे. औषधे, यंत्रे, विजेच्या बॅटऱ्या यांना धनी मिळेल. कोलामी भाषेला कोण मिळणार? महाराष्ट्रात जे तीन आदिवासी समाज विशेष दुर्बल म्हणून गणले जातात, त्यांत कोलाम हा एक आहे. त्यांची बोली द्राविड कुळातली. ती बोलणारी मुले मराठी शाळेत बसतात आणि पहिल्याच इयत्तेत मुकी होतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या जमिनीचे पुढे काय झाले, हाही अभ्यासाचा विषय आहे. या दोहोंतून कोणाला नफा व्हावयाचा नाही. म्हणूनच ते विषय विद्यापीठाचे आहेत.

नांदेड विद्यापीठाने किनवटला आदिवासी विकास व संशोधन केंद्र काढले असून त्यास उत्तमराव राठोड यांचे नाव दिले आहे. ज्या रानात निजामाच्या हुकमाने परदेशी पंडित आला होता, तेथे आता आपलेच विद्यापीठ दार उघडून बसले आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण इमारत म्हणजे संशोधन नव्हे. किनवटच्या केंद्रात उद्या कोणता प्रश्न हाती घ्यावयाचा, हे जर दिल्लीच्या वा मुंबईच्या टेबलावर ठरणार असेल, तर हायमेनडॉर्फ यांच्या काळापासून फारसे काही बदलले नाही असेच म्हणावे लागेल. फक्त दरबार बदलला. आणि जर तो प्रश्न तेथे शिकविणारा प्राध्यापक व तेथील गावकरी यांच्या बोलण्यातून निघणार असेल, तर त्या प्राध्यापकास विद्या परिषदेत आवाज हवा, अभ्यास मंडळात मत हवे, आणि थोडे का होईना, विनालगाम द्रव्य हवे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण शिकारीत चालते; विद्येच्या बाबतीत ती चालू देता कामा नये.

नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते, निजामाविरुद्ध लढणारे सेनानी होते. परंतु त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. एका शाळामास्तराच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठात शिक्षकाचा शब्द किती चालतो, यावरूनच त्या नावाची बूज राखली गेली की नाही, हे पुढील पिढी ठरवील.