नेमाचे गणित: रायफलीवरील स्थिर-वर्धन दुर्बिणीची निवड व जुळणी – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

खानदेशच्या लष्करी इतिहासाचे लेखन करताना तुकड्यांची नावे, बंदुकांची संख्या आणि लढायांच्या तारखा यांची नोंद काटेकोरपणे होते. मात्र बंदूक नेमावर कशी आणली जात होती, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात रायफलीवर बसविल्या जाणाऱ्या स्थिर-वर्धन दुर्बिणीची निवड व जुळणी यांचा मागोवा घेतला आहे. स्थिर-वर्धन म्हणजे जिची प्रतिमा मोठी करण्याची क्षमता ठरलेली असते आणि वापरणाऱ्यास ती बदलता येत नाही, अशी दुर्बीण. ‘वर्धन जितके अधिक, तितका नेम अचूक’ हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खानदेशची पार्श्वभूमी

पांझरेच्या खोऱ्यातील पिंपळनेर हे गाव आज धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मोडते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये मात्र पिंपळनेर हाच स्वतंत्र तालुका म्हणून नोंदलेला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख धनुष्यबाणाच्या नेमबाजीचा होता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे होते. पुढे ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे भिल्ल बंडकऱ्यांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. एका बाजूस धनुष्यबाण व तोड्याच्या बंदुका, तर दुसऱ्या बाजूस कवायती फौज असा तो सामना होता.

बाणाचा नेम तिरंदाजाच्या डोळ्यात व हातात असतो. तोड्याच्या बंदुकीवर नळीच्या टोकाची माशी पाहून नेम धरला जाई. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीवर अंतराच्या खुणा असलेली उभी पट्टी आली आणि अंतर ओळखून ती पट्टी लावणे हे शिपायाच्या शिक्षणाचा भाग बनले. नेम हा केवळ अंगच्या कौशल्याचा विषय न राहता मोजमापाचाही विषय झाला. दुर्बीण ही या प्रवासातील पुढची पायरी होय.

मुंबई लष्करातील एक अधिकारी

रायफलीवरील दुर्बिणीच्या इतिहासात मुंबई इलाख्याचा एक धागा आहे, तो आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही. मुंबई लष्करात नोकरी केलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्याने तयार केलेल्या दुर्बिणीचे पेटंट १८६२ मध्ये घेतले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडील काही व्हिटवर्थ रायफलींवर ही चारपट वर्धनाची दुर्बीण बसविलेली होती. त्याच देशात १८५५ पासून विल्यम माल्कम हा वीसपटीपर्यंतच्या दुर्बिणी तयार करीत होता. म्हणजे अधिक वर्धन तेव्हाही उपलब्ध होते. तरीही रणांगणावर माफक वर्धनास स्थान मिळाले.

निवडीचे तत्त्व

यामागील कारणे साधी आहेत. वर्धन वाढले की लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा दिसतो, दृष्टिक्षेत्र आकुंचित होते आणि प्रकाश कमी पडतो. सोव्हिएत ड्रॅगुनोव्ह रायफलीवरील पीएसओ-१ ही दुर्बीण चारपट वर्धनाची असून तिच्या पुढील भिंगाचा व्यास २४ मिलिमीटर आहे. २४ ला ४ ने भागल्यास ६ मिलिमीटर येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी होय. अंधारात विस्फारलेल्या बाहुलीच्या आकाराशी ती जवळपास जुळते, म्हणून संधिप्रकाशातही ही दुर्बीण उपयोगी पडते. भारतीय सेनेनेही ही रायफल दीर्घकाळ वापरली.

दुसरे कारण मापनाचे आहे. याच दुर्बिणीत १.७ मीटर उंचीचा माणूस गृहीत धरून अंतर काढण्याची रेखा कोरलेली आहे. अनेक बदलत्या वर्धनाच्या दुर्बिणींत अशी रेखा एकाच ठरावीक वर्धनावर खरी ठरते. स्थिर-वर्धनात ती नेहमीच खरी असते.

जुळणी: जोडीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनेने ली-एनफील्ड क्रमांक ४ रायफलीवर तीनपट वर्धनाची ‘क्रमांक ३२’ दुर्बीण वापरली. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर कोरला जाई, कारण एकीची दुर्बीण दुसरीवर चढविली की नेम बिघडे.

जुळणीचा क्रमही यातूनच ठरतो. प्रथम कंस घट्ट बसवावा लागतो. मग धक्क्याने भुवईस इजा होणार नाही आणि पूर्ण वर्तुळ दिसेल इतक्या अंतरावर डोळा राहील, अशी दुर्बीण पुढेमागे करावी लागते. त्यानंतर आतील उभी रेघ रायफल सरळ धरली असता खरोखर उभी आहे ना, हे तपासतात. शेवटी येते ते सैनिकी भाषेतील झिरोइंग. ठरलेल्या अंतरावर गोळ्यांचा एक गट झाडून त्याचा मध्य पाहतात व दुर्बिणीवरील चकत्या फिरवून नेम आणि मध्य एकत्र आणतात. १०० मीटरवर कोनाची एक मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. गट ६ सेंटिमीटर खाली पडला, तर दुरुस्ती साधारण दोन मिनिटांची. एका गोळीवरून निर्णय करीत नाहीत, गटावरूनच करतात.

काडतूस बदलले की हे गणित पुन्हा मांडावे लागते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. नेमाच्या साखळीतील एक दुवा अशा रीतीने आपल्याच खानदेशात घडतो.

निष्कर्ष

दुर्बीण नेम देत नाही. डोळा, नळी, भिंग व काडतूस यांचा मेळ नेम देतो. ऑलिम्पिकमधील रायफल स्पर्धांत दुर्बिणीस परवानगीच नाही, तरीही कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. सबब, आंबापाणीसारख्या लढायांचा अभ्यास करताना ‘बंदुकीपुढे बाण हरला’ एवढ्या एका वाक्यावर थांबणे योग्य नाही. कोणाच्या हाती कोणते शस्त्र होते याबरोबरच ते नेमावर आणण्याचे शिक्षण, सराव आणि साधने कोणाकडे होती, हेही विचारावयास हवे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना नसलेल्यांना शस्त्र बाळगण्यास बंदी घातली. त्याबरोबर सरावाचा हक्कही हिरावला गेला. खानदेशच्या इतिहासलेखनात ही बाजू अद्याप पुरेशी नोंदविली जावयाची आहे.