मठातली बिअर आणि ‘पुरे’ हा शब्द



आपल्या धर्मग्रामातली मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला, कोणी परदेशीही जातात. तिकडच्या छोट्या ब्रुअरी पाहायला जायचे, तिथली स्थानिक बिअर चाखायची, ही आता सहलीची एक रीत झाली आहे. सुट्टीत घरी आली की ती विचारतात, “युरोपात तर मठातले संन्यासीच बिअर बनवतात. मग दारूपासून जपा असे आम्हालाच का सांगता?” प्रश्न हसत हसत येतो, पण तो चांगला आहे. याच धर्मग्रामातल्या काही माउल्यांचा प्रश्न निराळा असतो. पगाराच्या दिवशी नवरा कोणत्या अवस्थेत घरी येईल, ही त्यांची काळजी. या दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडेल असा एक इतिहास आहे, तो आज सांगतो.

सुरुवात इटलीत होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मोंते कासिनो येथे मठ स्थापला आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. त्यातली चार प्रकरणे आपल्या कामाची आहेत. अठ्ठेचाळिसाव्यात ते सांगतात की, मठवासीयाने स्वतःच्या हातांच्या कष्टावर जगावे. त्रेपन्नाव्यात पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे स्वागत समजून करण्याची आज्ञा आहे. सत्तावन्नाव्यात कारागिरांविषयी नियम आहे. ज्याला आपल्या कसबाचा गर्व चढेल त्याला त्या कामावरून दूर करावे आणि मठातला माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त विकावा. चाळिसावे प्रकरण पेयाच्या मापाचे. मठवासीयाने द्राक्षारस मुळीच घेऊ नये हे बेनेडिक्ट यांना ठाऊक आहे, पण आपल्या काळातले मठवासी ते ऐकणार नाहीत हेही ते मान्य करतात. म्हणून रोज एक ‘हेमिना’, म्हणजे साधारण पाव लिटर, इतके माप ठरते. आणि ज्याला देवाने पूर्ण वर्ज्य करण्याची शक्ती दिली आहे त्याला त्याचे खास प्रतिफळ मिळेल, असेही ते तिथेच नोंदवतात.

हे मठ उत्तरेकडे पसरले तेव्हा हवामान बदलले. तिथे द्राक्षे पिकत नव्हती, जव पिकत होते. मग द्राक्षारसाच्या जागी बिअर आली. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथे सुमारे इ. स. ८२० च्या सुमारास काढलेला एका आदर्श मठाचा आराखडा आजही जपून ठेवला आहे. त्यात बिअर बनवण्याच्या तीन जागा दाखवल्या आहेत: एक मठवासीयांसाठी, एक मानाच्या पाहुण्यांसाठी आणि एक गोरगरीब यात्रेकरूंसाठी. पुढे बाराव्या शतकात बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्स या वनस्पतीविषयी लिहिले. तिच्या कडूपणामुळे पेय टिकते हे त्यांनी नोंदवले, आणि ती मनाला उदासी आणते असेही सांगितले.

ज्यांच्या बिअरचे नाव आज जगभर घेतले जाते ते मठ ट्रॅपिस्ट पंथाचे. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. त्याच पंथाच्या ला ट्रॅप मठात १६६४ मध्ये मठाधिपती द रांसे यांनी कडक शिस्त पुन्हा आणली: मौन, प्रार्थना, अंगमेहनत. ट्रॅपिस्ट हे नाव त्या मठावरून पडले. फ्रेंच राज्यक्रांतीने मठ बंद पाडले, तेव्हा हे लोक देशोधडीला लागले. कॅनडाला निघालेली त्यांची एक तुकडी १७९४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्पजवळ थांबली आणि वेस्टमालचा मठ उभा राहिला. जेवणाबरोबर त्या प्रांतातले सर्वसामान्य लोक जे पितात ते घ्यावे, एवढी सूट मठवासीयांना होती. तिथले सामान्यांचे पेय म्हणजे बिअर. १० डिसेंबर १८३६ रोजी मठाची पहिली बिअर दुपारच्या जेवणात वाढली गेली. ती विक्रीसाठी नव्हती. दाराशी थोडीथोडी विक्री सुरू व्हायला पुढे वीसेक वर्षे गेली.

आजही वेस्टमालची नावाजलेली ‘ट्रिपल’ साडेनऊ टक्के अल्कोहोलची असली, तरी मठाच्या पंक्तीसाठी त्याच्या निम्म्या ताकदीची वेगळी बिअर बनते. बाटलीवर प्रसिद्ध होणारी बिअर वेगळी आणि बनवणाऱ्यांच्या ताटाजवळची वेगळी, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

वेस्टव्लेटेरन येथील संत सिक्स्टस मठाची गोष्ट तर खास आहे. हा मठ १८३१ चा. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या अनेक ब्रुअरींची तांब्याची मोठी भांडी काढून नेली. वेस्टव्लेटेरन मात्र जर्मनांच्या ताब्यात गेले नाही. तिथे जखमी सैनिकांना आणि निर्वासितांना आसरा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मठाने ठरवले की, व्यापार वाढवायचा नाही. १९४६ मध्ये बाहेरच्या विक्रीचा परवाना जवळच्या एका ब्रुअरीला दिला गेला आणि मठात फक्त गरजेपुरती बिअर बनू लागली.

२००५ मध्ये बिअरच्या रसिकांनी वेस्टव्लेटेरनची ‘१२’ क्रमांकाची बिअर जगात सर्वोत्तम ठरवली. मठाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि साठा संपला. एखादा व्यापारी अशा वेळी कारखाना दुप्पट करतो. मठाने विक्री थांबवली, साठा पुन्हा होईपर्यंत लोकांना थांबायला सांगितले आणि उत्पादन होते तेवढेच ठेवले. जाहिरात नाही, तेव्हा बाटलीला कागदी लेबलही नव्हते. जगण्यासाठी बिअर बनवायची, बिअरसाठी जगायचे नाही, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे कष्ट करणारे पुष्कळ आहेत. मागणी दारात उभी असताना “पुरे” म्हणणारे किती आहेत?

असे मठ पाहायला जाणाऱ्याला काय दिसते तेही सांगितले पाहिजे. मोठ्या आशेने गेलेल्या माणसाला पुष्कळदा बिअरची भांडी दिसतच नाहीत. ऑर्व्हालच्या मठाची ब्रुअरी वर्षातून मोजकेच दिवस पाहुण्यांसाठी उघडते. १७९३ मध्ये जाळला गेलेला हा मठ १९२६ पासून पुन्हा बांधायला घेतला आणि त्या बांधकामाला पैसा लागतो म्हणून १९३१ मध्ये तिथे ब्रुअरी निघाली. वेस्टव्लेटेरनला मठासमोरच्या उपाहारगृहात बिअर मिळते, मठ मात्र प्रार्थनेसाठी शांत राहतो. तिथला दिवस पहाटे, उजाडण्यापूर्वी, स्तोत्रांनी सुरू होतो. बिअरचे काम प्रार्थनेच्या वेळा सांभाळून होते.

१९९७ मध्ये ट्रॅपिस्ट मठांनी एकत्र येऊन एक संघ केला आणि षट्कोनी शिक्का ठरवला. त्याच्या अटी तीन. माल मठाच्या परिसरातच बनला पाहिजे. कामावर मठवासीयांची देखरेख पाहिजे. आणि उत्पन्न मठाच्या निर्वाहासाठी, उरलेले दानधर्मासाठी गेले पाहिजे. आखेल येथील मठात शेवटचे मठवासी राहिले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या बिअरचा शिक्का गेला. कृती तीच, भांडी तीच, पण प्रार्थना करणारी माणसे गेली तेव्हा नावही गेले. पाचारणाला ‘हो’ म्हणणारे तरुण कमी होत आहेत, हे दुःख त्या षट्कोनाच्या मागे आहे.

आता आपल्या देशात येऊ. बेल्जियममधील शिमे हे नाव बिअरमुळे जगाला ठाऊक आहे. ती बिअर स्कुरमों मठाची. त्याच मठातले एक बेल्जियन मठवासी भारतात आले आणि फ्रान्सिस आचार्य या नावाने ओळखले गेले. १९५८ मध्ये त्यांनी बीड ग्रिफिथ्स यांच्या सोबतीने केरळच्या डोंगरात कुरिसुमला आश्रम उभा केला. भगवी वस्त्रे, साधे शाकाहारी जेवण, सिरियन परंपरेतली उपासना. १९९८ मध्ये हा आश्रम ट्रॅपिस्ट परिवारात सामील झाला. हातांच्या कष्टावर जगायचे हा बेनेडिक्ट यांचा नियम इथेही आहे. मग इथे त्यांनी काय केले? गाई पाळल्या आणि दूध विकले. बिअर हा त्यांच्या नियमाचा गाभा नव्हता. फ्लँडर्समध्ये शेजाऱ्याच्या ताटाजवळ बिअर होती, केरळच्या डोंगरात शेजाऱ्याच्या लेकराला दूध हवे होते.

मुलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर यातच आहे. देवाने निर्माण केलेले जव अपवित्र नाहीत. प्रभू येशू काना गावच्या लग्नाला गेला आणि तिथे द्राक्षारस कमी पडू दिला नाही. परगावी एखादी ब्रुअरी पाहिली, तिथल्या कारागिराचे कसब वाखाणले, तर त्यात पाप नाही. पण मठाचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्या. त्यात माप आहे, प्रार्थना आहे, नफा गरिबांना आहे, आणि गर्व झाला तर काम सोडणे आहे. गाडी चालवायची असेल तर एक घोटही घेऊ नका. मित्राने नको म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका.

आणि ज्या माउल्या काळजीने रात्र काढतात त्यांना आम्ही हे सांगतो. ज्याला माप राखता येत नाही, त्याच्यासाठी योग्य माप शून्य आहे. तो दुबळा किंवा वाईट म्हणून नव्हे. तो आजारी आहे आणि आजारावर उपचार असतो. डॉक्टरांकडे जाण्यात किंवा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला बसण्यात कमीपणा नाही. संत पौलाने रोमकरांना लिहिले की, ज्याने भाऊ अडखळतो ते आपण टाळावे. म्हणून आपल्या लग्नात, बारशात, सणाच्या मेजवानीत जो भाऊ दारू सोडण्यासाठी झुंजतो आहे, त्याच्यासमोर ग्लास नाचवू नका. त्याच्या शेजारी बसून लिंबाचे सरबत प्या. पाहुण्यात ख्रिस्त पाहायला बेनेडिक्ट शिकवतात, आणि तो भाऊही आपल्या पंक्तीतला पाहुणाच आहे.

हे प्रभो, आमच्या हातांना प्रामाणिक काम दे आणि तुझ्या दानांचा माप राखून उपयोग करायला शिकव. व्यसनाशी झगडणाऱ्यांना बळ दे, त्यांच्या घरांत शांती नांदू दे. आमेन.