वळण आणि भरण

विडी कशी वळली आणि आत काय भरले, या दोहोंवर तिचा गुण ठरतो, हे निपाणीकरांस सांगणे नको. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळीचेही तसेच आहे. १९९१ साली जपानात सुमिओ इजिमा यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे तिच्या वळणावर ठरते. परंतु हवे ते वळण साधणे दुष्कर. १९९३ साली केरळचे पुलिकेल अजयन व इजिमा यांनी अशा नळ्या शिशासह हवेत तापविल्या; वितळलेले द्रव्य केशाकर्षणाने आत शिरले. पुढे कळले, की पोटातील चांदी भिंतीला इलेक्ट्रॉन देते, तर चांदीचे क्लोराइड तिच्याकडून ते घेते. वळण पुरते हाती नसले, तरी भरण माणसाच्या हाती आले.