जिव्या सोमा म्हसे
जिव्या सोमा म्हसे (१९३४ – १५ मे, २०१८) हे महाराष्ट्रातील वारली चित्रकार होते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांचे वास्तव्य होते. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. पालघट देवीचे स्थान त्या चौकात असते. म्हसे विधीचे निमित्त नसतानाही चित्रे काढू लागले. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ती कागदावर व कापडावर आली आणि पुढे अनेक वारली पुरुष या कलेकडे वळले. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती सर्पाकार वळत जाणारी नर्तकांची साखळी, भातशेती, मासेमारीचे जाळे हे त्यांचे विषय. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. लग्नाचा चौक मात्र सुवासिनींकडेच राहिला.